पाणी सगळ्यात शेवटी

३ तारीख, शुक्रवार

वही नातीची, पेन नातीचं, अक्षरही तिचंच. माझं यात फक्त तोंड आहे. मी शाळेची पायरी कधी चढले नाही, पण बोलण्यासाठी ती चढावी लागत नाही, हे या घराला चांगलंच ठाऊक आहे. नात म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेसच, त्यातलं थोडं कागदावर सांडलं तर आमच्या कानांना तेवढीच विश्रांती. मी अट घातली. सांगेन ते सगळं लिहायचं, गाळायचं काही नाही, आणि शेवटी वाचून दाखवायचं. मला अक्षर कळत नाही म्हणून कुणी मला गंडवेल असं नाही. खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला भिंतीपलीकडूनही ओळखू येतो.

तर आमचं काम. मोकळ्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम असला की त्याचा मंच, छप्पर, दिवे, स्पीकर आम्ही उभारतो आणि संपला की उतरवून ट्रकमध्ये भरतो. लोक यायच्या आधी आम्ही येतो, लोक गेल्यावर आम्ही जातो. मधे जे होतं ते बघायला माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात सवड झाली नाही. तो गेला, मग मुलाने धंदा चालवला. आता मुलाची कंबर धरली आहे, डॉक्टरांनी त्याला फळीवर सरळ निजवलंय, आणि रविवारचा कार्यक्रम नातीच्या गळ्यात पडलाय. तिने एकटीने सांभाळायचा पहिला, आणि आमच्या घराने आजवर घेतलेला सगळ्यात मोठा. मी तिला म्हटलं, घाबरली असशील तर आत्ताच घाबरून घे, रविवारी वेळ मिळायचा नाही.

माझंही काम असतं. मी गोदामाच्या वरच्या मजल्यावर राहते आणि छपराचं कापड शिवते. ते छप्पर चार उंच खांबांवर चढवतात. मैदान खणू देत नाहीत, म्हणून प्रत्येक खांबाच्या पायाशी पाण्याच्या मोठाल्या टाक्या पट्ट्यांनी जखडतात. ते पाणी हाच आमचा पाया. वारा आला की कापड फुगतं, छपराला उडायची हौस येते, पाणी त्याचे पाय धरून ठेवतं. म्हणून उतरवताना आधी कापड, मग दिवे, मग छप्पर, आणि पाणी सगळ्यात शेवटी. आमच्या घरात मुलांना बाराखडीच्या आधी हे शिकवतात. मला बाराखडी आली नाही, हे मात्र येतं.

दुसरा नियम विचारण्याचा. उतरवताना आपल्या मनाने कुणी काही सैल करायचं नाही. हात ज्याचा असेल त्याने विचारायचं, "सोडू?" खालच्या प्रमुखाने म्हणायचं, "सोड." विचारायचं तेही तीनदा, आणि तिसऱ्या उत्तरावरच हात काढायचा. पूर्वी ओरडून विचारायचे, आता प्रत्येकाच्या कमरेला वॉकीटॉकी असते. रविवारी खाली नात असेल आणि वर अर्थातच खार.

खार हे नाव मी ठेवलेलं. खांबावर सरसर चढतो, मधेच थांबून मान वळवून बघतो, पुन्हा चढतो. मिसरूड फुटायच्या वयात नवऱ्याने त्याला कामाला घेतलं. आता त्याचे कल्ले पिकलेत. त्याच्याइतका विचारणारा माणूस मी पाहिला नाही. त्याची बायको सांगते, घरी चहाचा कप खाली ठेवतानाही हा माझ्या तोंडाकडे बघतो.

६ तारीख, सोमवार

छप्पर पडलं. खार दवाखान्यात आहे. जिवंत आहे.

नात लिहायला बसली आहे. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, नाही, तू सांग. आणि मलाच काही सांगता येत नाहीये. असं कधी झालं नव्हतं, हेही लिही.

७ तारीख, मंगळवार

मी ट्रकच्या केबिनमध्ये बसले होते. ऊन अजून होतं. मैदान अंधार पडायच्या आत मोकळं करून द्यायचं ठरलं होतं, म्हणून ट्रक मागे लावून तयार होते. गाणाऱ्याने सांगितलं, हे शेवटचं गाणं. लोकांनी त्याला सोडलंच नाही. मग आणखी एक झालं, मग आणखी एक. लोकांचं काय जातं, त्यांना छप्पर उतरवायचं नव्हतं. शेवटी एकदाचा तो थांबला, गर्दी पांगू लागली, आणि खार कापड सोडवायला मागच्या खांबावर चढला.

मग वारा आला. फार मोठा नव्हे. याहून मोठे वारे आम्ही कितीदा पचवलेत.

ते कापड माझं. त्याची शिवण न् शिवण माझ्या हातची. ते फुगलं, ताणलं गेलं, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मला बरं वाटलं. म्हटलं, शिवण धरली.

मग खांबाचा पाय जमिनीवरून उठला. टाक्या पट्ट्यांना लोंबकळत त्याच्याबरोबर वर आल्या, बाजारातून रिकाम्या परत आलेल्या पिशव्यांसारख्या. सगळं छप्पर मागे कललं, क्षणभर थांबलं, मला वाटलं विचार बदलला त्याने, आणि मग बसलं. आवाज झाला असणार. मला आठवत नाही. आठवतो तो एक स्पीकर. सगळं आडवं झाल्यावरही तो एकटाच घूं घूं करत होता, आणि तो बंद करायचं कुणालाच सुचत नव्हतं.

गर्दीतल्या कुणाला काही झालं नाही. ढोल वाजवणाऱ्याचा हात मुरगळला. खारची मांडी आणि बरगड्या मोडल्या. त्याला काढताना तो शुद्धीवर होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, कापड फाटलं नाही ना?"

मला एकच कळत नाही. भरलेली टाकी हत्तीलाही ढकलवत नाही, तर ती वर आली कशी? नात विचारते, हे लिहायलाच हवं का. मी म्हटलं, हो, हेच लिहायला हवं.

८ तारीख, बुधवार

मुलाने सांगितलं. टाक्यांमध्ये पाणी नव्हतं. शेवटचं म्हणून गाणं सुरू झालं तेव्हाच सगळ्या टाक्यांच्या तोट्या उघडल्या होत्या. रिकामं व्हायला वेळ लागतो, अंधाराआधी मैदान द्यायचं, तेवढाच वेळ वाचेल म्हणून. गाणं वाढत गेलं आणि पाणी निघून गेलं.

उघडल्या कुणी? खारने. कुणाला न विचारता. त्याने स्वतःच दवाखान्यात तसं सांगितलं, आणि मुलाने ते मला छताकडे बघत सांगितलं. फळीवर निजलेला माणूस दुसरीकडे कुठे बघणार म्हणा.

ज्याला माझ्या नवऱ्याने जवळ बसवून हाच एक नियम शिकवला, त्याने? मला वाटलं, मुलगा मस्करी करतोय. मी हसलेसुद्धा. कुणीच हसलं नाही.

सोमवारी चौकशी आहे. विनाहुकूम पाणी सोडलं असं ठरलं तर खारचा खांबावर चढायचा परवाना जाईल, आणि हाड जुळलं तरी या धंद्यात त्याला कुणी खांबाला टेकून उभं राहू देणार नाही. मी म्हटलं, जाऊ दे. लोकांच्या डोक्यावर छप्पर घालणारा असा वागतो का? लिहिलंस? वाच बरं. नातीने वाचलं. "जाऊ दे" तिने इतकं हळू वाचलं की मी पुन्हा वाचायला लावलं.

१० तारीख, शुक्रवार

नातीला माझ्यापेक्षा जास्त लागलंय. तिच्या हाताखालचा माणूस चुकला ना, प्रमुखाला लाज वाटतेच. जेवत नाही. ताटात बोटं फिरवते आणि उठते. कामगार येतात, खाली गोदामात उभे राहतात, मी जिन्यात दिसले की गप्प होतात. मी म्हटलं, माझ्याविषयी बोलत असाल तर मोठ्याने बोला, मलाही ऐकायचं आहे. एरवी हसले असते.

आणि नळ. हिने घरातला प्रत्येक नळ इतका आवळून ठेवलाय की माझ्या हाताने उघडत नाही. सकाळी तोंड धुवायला तिला हाक मारावी लागते. पहाटे स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता, तर बाईसाहेब झोपेतून उठून त्याच्या तोंडाला फडकं गुंडाळत बसल्या होत्या. म्हटलं, वेडे, नळाला सर्दी झालीय का? तर मला मिठी मारून रडली. मी पाठीवरून हात फिरवला. खारने एकट्या छपराचे नाही, पोरीचेही पाय उपटलेत.

उद्या दवाखान्यात जाते. आजवर गेले नव्हते. दोन शब्द सुनावल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

११ तारीख, शनिवार

सुनावायचं राहूनच गेलं. पाय टांगलेला, छातीला पट्टे, नाकात नळी. अशा माणसाला सुनावणं म्हणजे निजलेल्या मुलाला मारण्यासारखं. त्याची बायको मला बघून उठली, "या" म्हणाली नाही, पाण्याची बाटली घेऊन बाहेर निघून गेली. म्हटलं, वा. चूक नवऱ्याची आणि तोरा हिचा.

मी विचारलं, का केलंस रे? तो म्हणाला, चूक झाली. मी विचारलं, इतकी वर्षं झाली नाही ती आत्ताच? तो म्हणाला, वय झालं आजी. आणि मग मलाच विचारतो, ताई जेवतात का. सगळे कामगार नातीला ताई म्हणतात. मी म्हटलं, तुझ्या कृपेने नाही जेवत. त्यावर त्याने निरोप दिला. "ताईंना सांगा, मला सांगायचं होतं ते सगळं सांगून झालंय. आता त्यांनी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही."

उद्धटपणाच हा, पण निरोप म्हणजे निरोप, मी घरी येऊन जसाच्या तसा नातीला दिला. ती उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ आली नाही.

एक गंमत झाली ती सांगते. खारला औषधाची गुंगी होती. नर्स आली, त्याने खाटेचा कठडा घट्ट धरला होता, ती म्हणाली, हात काढा, मला सुई बघायची आहे. डोळे मिटलेलेच, पण त्याने विचारलं, "सोडू?" नर्सला कळेना. म्हणाली, हो, सोडा की. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारून मग हात काढला. मी पदर तोंडाला लावून हसले.

१२ तारीख, रविवार

रात्रभर ते नर्सचं डोक्यात फिरत राहिलं. लिही.

जो माणूस गुंगीतसुद्धा विचारल्याशिवाय खाटेचा कठडा सोडत नाही, तो शुद्धीत असताना चार खांबांचं पाणी सोडतो, तेही न विचारता? हे मला पटत नाही. वय झालं म्हणे. वयाने माणसाचे गुडघे जातात, खोड जात नाही, माझ्याकडे बघा.

म्हणजे त्याने विचारलं असणार. तीनदा विचारलं असणार. आणि विचारलं असेल तर कुणीतरी शेवटी "सोड" म्हटलं असणार. लिहितेस ना? थांबलीस का? लिही. "सोड" म्हणायचा हक्क एकाच माणसाला, खाली उभा असलेल्या प्रमुखाला. आणि त्या दिवशी खाली

१४ तारीख, मंगळवार

आज मुलाला लिहायला बसवलंय, फळीवर निजल्या निजल्या. त्याचं अक्षर कसं येतंय मला दिसत नाही, पण तोंड बघून कळतंय की वाईट येतंय.

रविवारी त्या वाक्यावर नातीने पेन खाली ठेवलं. मी तिच्याकडे बघितलं. इतके दिवस मी तिला सांगत होते आणि ती खाली मान घालून लिहीत होती. तिचं तोंड मी बघितलंच नव्हतं. ती म्हणाली, "आजी, मीच. त्याने दोनदा विचारलं तेव्हा मी थांब म्हटलं. तिसऱ्यांदा मी सोड म्हटलं." ट्रक खोळंबले होते, मैदानवाला येऊन दोनदा घड्याळ दाखवून गेला होता, गाणं शेवटचं होतं. तिला वाटलं, पाणी जाईपर्यंत कापड खाली येईल. नंतर गाणी वाढली तेव्हा तोट्या बंद करा म्हणायचं तिला सुचलं नाही. सुचलं नाही, एवढंच म्हणत राहिली.

आता पुढचं लिही. गाळू नकोस. मी तिला काय म्हटलं असेल? खारला चार दिवस शिव्या घालणाऱ्या बाईने काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, "गप्प राहा. त्याने घेतलंय ना अंगावर, राहू दे." माझ्याच तोंडातून आलं. मी जीभ चावली नाही, मागे घेतलं नाही. उलट दार लावून घेतलं. छप्पर पडताना बसला नव्हता इतका धक्का मला माझ्याच आवाजाचा बसला, पण तोही रात्री, अंथरुणाला पाठ टेकल्यावर. तोवर मी तिला उद्या कोणती साडी नेस, किती बोल, कुठे मान हलव, हे सगळं समजावून मोकळी झाले होते.

काल चौकशी आमच्याच गोदामात झाली, त्यांना टाक्या आणि पट्ट्या बघायच्या होत्या. चौकशीच्या बाई चष्मा लावलेल्या, शांत, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणाऱ्या. कामगार भिंतीला लागून उभे. मुलाला चौघांनी फळीसकट खाली आणलं होतं. बाईंनी खारचा जबाब वाचून दाखवला, की मी माझ्याच मनाने तोट्या उघडल्या, कुणाला विचारलं नाही. मग त्यांनी विचारलं, यावर कुणाला काही म्हणायचं आहे का.

मी नातीकडे बघितलं आणि डोळ्यांनी नको म्हटलं.

ती उभी राहिली. मी नेसायला सांगितलेली साडी तिने नेसली नव्हती, कामाचे कपडे होते, गुडघ्यावर ग्रीसचा डाग होता. म्हणाली, "हे खरं नाही. त्याने तीनदा विचारलं. सोड मी म्हटलं."

बाईंनी कामगारांना विचारलं, हे कुणी ऐकलं होतं का. मग दिव्यांचं काम बघणारा, ज्याला सगळे फ्यूज म्हणतात, तो जमिनीकडे बघत म्हणाला, ऐकलं होतं. त्याच्या शेजारचा म्हणाला, मीही. मग तिसरा. वॉकीटॉकी सगळ्यांच्याच कमरेला. सगळ्यांनी ऐकलं होतं. ट्रकवाल्यानेसुद्धा, ज्याच्या केबिनमध्ये मी बसले होते आणि जो बाहेर टायरला टेकून विडी ओढत होता. खारने त्यांना दवाखान्यात बोलावून सांगितलं होतं, तोंड उघडायचं नाही, ताईंचं नाव गेलं तर घर बसेल, घर बसलं तर आपण सगळे बसलो. आणि ते ऐकले. त्याची बायको ऐकली. माझा हा मुलगाही ऐकला. लिही, तुलाही माहीत होतं. लिही म्हटलं ना. छताकडे बघू नकोस.

म्हणजे साऱ्या गोदामात एक मीच होते जिला माहीत नव्हतं, आणि मीच सगळ्यात मोठ्याने बोलत होते.

निकाल असा. खारवर ठपका नाही, परवाना त्याच्याकडेच. नातीने पुढचा हुकूम येईपर्यंत एकही मंच उभारायचा नाही, उतरवायचा नाही. आमच्या घराचं काम तोवर बंद. बाई जाताना नातीला म्हणाल्या, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? ती गुडघ्यावरचा ग्रीसचा डाग नखाने खरवडू लागली. उत्तर मी देऊ शकले असते.

१६ तारीख, गुरुवार

आजही मुलगाच लिहितोय. आम्ही दोघी दवाखान्यात गेलो होतो. नात त्या दिवसापासून तिथे गेलीच नव्हती. जिना चढताना मागे पडली, मी हाक मारली नाही. मी आधी एकटीच आत गेले.

खारला सगळं कळलं होतं. मला वाटलं, सुटला म्हणून चेहरा उजळला असेल. कसलं काय. भिंतीकडे तोंड. म्हणाला, "आजी, मी एवढा पडलो ते फुकट गेलं." म्हटलं, अरे, नाव राहिलं तुझं. तो म्हणाला, मांडी जुळून मी परत चढेन की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत, तर परवाना काय उशाला घेऊन झोपू? माझ्याजवळ ताईंना द्यायला एवढं एकच होतं, तेही त्यांनी घेतलं नाही. बाबांना मी काय तोंड दाखवू? बाबा म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा अजून त्याला तोंड दाखवायच्या गोष्टी करतो.

मी म्हटलं, बाबांचं सोड, मी माझं सांगते. आधी चार दिवस तुला शिव्या घातल्या, आणि खरं कळल्यावर मीच तिला गप्प बस म्हटलं. त्याने मान वळवली. बघत राहिला. मग हसू आलं त्याला, आणि हसू आलं म्हणून बरगड्या दुखल्या, आणि दुखल्या म्हणून मला म्हणाला, तुम्ही येत जाऊ नका आजी, परवडत नाही.

तेवढ्यात नात दारात येऊन उभी राहिली. त्याचं हसू गेलं. त्याची बायको कोपऱ्यात घड्या घालत होती, तिने मान वर केली नाही. नात आत येईना, परतही जाईना. हातात फळांची पिशवी, तीही तिला खाली ठेवता येईना. खार पुन्हा भिंतीकडे वळला. पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकला, नर्स येऊन त्याला औषध देऊन गेली, आणि आम्ही चौघं तशीच.

मग तो बोलला, भिंतीकडेच बघत, आणि माझ्याशीच. "त्यांना सांगा, उभ्या माणसाशी मी बोलत नाही."

खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी बसले होते. मी उठले.